‘जो’ची हद्द

शैली हा शब्द आपल्यासाठीच राखून ठेवलेला आहे, असा साहित्याच्या अभ्यासकांचा समज असतो. कवीची शैली, कादंबरीकाराची शैली, फार तर एखाद्या गायकाची. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही शैली असते असे साहित्याच्या वर्गात म्हटले, तर विद्यार्थी हसतात. तरीही ब्रायन कर्निगन आणि पी. जे. प्लॉगर यांचे ‘द एलिमेंट्स ऑफ प्रोग्रॅमिंग स्टाइल’ हे पुस्तक १९७४ सालीच प्रसिद्ध झाले होते, आणि स्ट्रंक व व्हाइट यांच्या इंग्रजी लेखनशैलीवरील प्रसिद्ध पुस्तिकेशी ते नावापासूनच नाते सांगते. या दोघा लेखकांनी छापील पाठ्यपुस्तकांतले प्रोग्रॅम उचलले, त्यांतल्या ओळींवर बोट ठेवून दोष दाखवले आणि तेच प्रोग्रॅम पुन्हा लिहून दाखवले. आपल्याकडे ज्याला आपण संहितानिष्ठ समीक्षा म्हणतो, तिच्याहून हे काम फारसे निराळे नाही.

आम्ही शिकलो मराठी साहित्य आणि पोटासाठी लिहीत आलो प्रोग्रॅम. या दोन घरांत वावरताना दोन्हीकडच्या मंडळींना परस्परांविषयी जे वाटते ते आम्ही ऐकत आलो आहोत. साहित्याच्या लोकांना वाटते की प्रोग्रॅम यंत्रासाठी लिहिलेला असतो, म्हणून त्यात शैलीला वाव नाही. प्रोग्रॅमरांना वाटते की साहित्यात शैली ही आवडीनिवडीची बाब आहे, म्हणून तिच्याविषयी काही ठामपणे सांगता येत नाही. हे दोन्ही समज आम्हांला खरे वाटत नाहीत. ते का, हे सांगण्यासाठी एक अगदी लहान बाब घेतो: लूपमधल्या नावाने कुठवर जगावे?

आधी दोनतीन शब्द ठरवून घेऊ. शाळेच्या बीजगणितात आपण ज्याला ‘चल’ म्हणतो त्यालाच प्रोग्रॅमर व्हेरिएबल म्हणतो. किंमत ठेवण्यासाठी नाव दिलेली ती एक जागा असते. तेच काम पुन्हा पुन्हा करण्याची सूचना म्हणजे लूप. आपण तिला आवर्तन म्हणू. आणि एखादे नाव प्रोग्रॅमच्या जेवढ्या भागात ओळखले जाते, तेवढी त्या नावाची व्याप्ती.

आवर्तन हा शब्द आम्ही मुद्दाम घेतला. गणपतीत घरोघरी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने होतात. कितवे आवर्तन चालले आहे याचा घोळ होऊ नये म्हणून कोणी एकवीस सुपाऱ्या घेऊन बसतो आणि दर आवर्तनाला एक सुपारी इकडून तिकडे सरकवतो. फलश्रुती दर वेळी म्हणत नाहीत, शेवटी एकदाच म्हणतात. ती म्हणून झाली की सुपाऱ्या डब्यात जातात. त्यानंतर ‘आता सुपारी कितवी?’ असे कोणी विचारीत नाही, कारण त्या मोजणीला आवर्तनांच्या बाहेर काही अर्थच नसतो. लूपमधला मोजणीचा चल ही अशी सुपारी असते. प्रोग्रॅमर तिला बहुधा ‘आय’ हे एकाक्षरी नाव देतात. बेरजेतल्या पदाचा क्रमांक दाखवायला आय, जे, के ही रोमन अक्षरे वापरण्याची रीत गणितात होतीच. १९५७ साली आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषा आली, तेव्हा तिने आयपासून एनपर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणारी नावे पूर्णांकांसाठी ठरवून टाकली आणि ती रीत पक्की झाली. आज फोरट्रान कधी डोळ्यांनीही न पाहिलेली मुले लूप लिहिताना ‘आय’च लिहितात.

प्रश्न असा आहे की फलश्रुती म्हणून झाल्यावर ही सुपारी पाटावर राहू द्यावी की नाही.

साहित्याच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये, कारण आपली भाषा तो रोज सोडवीत असते. ‘जो आधी पोहोचेल त्याने दिवा लावावा’ हे वाक्य घ्या. यातला ‘जो’ कोण? वाक्याच्या आत त्याचे काम अगदी चोख आहे. वाक्याच्या बाहेर तो कोणीच नाही. ‘जिने जो विषय निवडला असेल, तिला तो शिकवावा’ या वाक्यात असे दोन शब्द एकमेकांत गुंफलेले आहेत आणि मराठीने त्यांना लिंगभेदाने वेगळे ठेवले आहे. एका लूपच्या पोटात दुसरी लूप असली की प्रोग्रॅमर पहिलीला ‘आय’ आणि दुसरीला ‘जे’ देतो, ते याच कारणासाठी. तर्कशास्त्रात अशा शब्दाला बद्ध चल म्हणतात. गॉटलोब फ्रेगे यांनी १८७९ साली आपल्या संकेतलिपीत अशा अक्षराची हद्द चिन्हाने दाखवायला सुरुवात केली. पुढे १९३०च्या दशकात अलोंझो चर्च यांच्या लॅम्डा कलनात हा नियम स्पष्ट झाला की बद्ध चलाचे नाव हद्दीच्या आत सगळीकडे सारखेच बदलले आणि ते दुसऱ्या नावाशी आदळले नाही, तर अर्थात काडीचाही फरक पडत नाही. जे नाव बदलूनही चालते, ते नाव बाहेरच्या कोणाच्या उपयोगाचे असू शकत नाही.

आता ‘जो आधी पोहोचेल त्याने दिवा लावावा’ या वाक्यानंतर चार परिच्छेद गेले आणि पाचव्यात लेखकाने लिहिले, ‘तो काल आजारी होता.’ वाचक थबकेल आणि विचारील, कोण तो? मराठीच्या शिक्षकाने हे वाक्य निबंधात पाहिले तर तो लाल शाईने खूण करील. संगणक मात्र, भाषा परवानगी देत असेल तर, ‘तो’ म्हणजे शेवटचा जो कोणी होता तो, असे समजून मुकाट पुढे जातो.

शब्द किती दूरवर चालत राहावा, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी एका ग्रंथाने फारच गंभीरपणे हाताळला आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत आणि ती इतकी आखूड आहेत याचे एक मोठे कारण अनुवृत्ती. आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत न उच्चारता चालू राहतो. काही सूत्रे तर निव्वळ अधिकारासाठी असतात. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी ‘प्रत्यय’ या संज्ञेचा जो अधिकार सुरू होतो, तो पाचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत चालतो. अधिकार ओळखायचा तो स्वरित स्वरावरून, असे स्वतः पाणिनीनेच सांगून ठेवले आहे. परंतु त्या स्वराच्या खुणा आज आपल्या हाती असलेल्या पाठात उरलेल्या नाहीत. परिणामी कोणता शब्द कुठून निघाला आणि कुठे थांबला, हे परंपरेने आणि भाष्यकारांनी सांगावे लागते. एखादा शब्द मधली सूत्रे ओलांडून पुढे उगवतो, तेव्हा त्याला मंडूकप्लुती, म्हणजे बेडूकउडी, असे नाव आहे. पाणिनीला हा लाघवाचा सौदा परवडला, कारण त्याच्यामागे पाठ करणाऱ्यांची आणि भाष्य लिहिणाऱ्यांची अखंड परंपरा उभी राहिली. सामान्य प्रोग्रॅमला पतंजली मिळत नाही. त्याला मिळतो तीन वर्षांनी नोकरीला लागलेला कोणी तरुण, ज्याच्या हाती केवळ संहिता असते आणि मूळ लेखकाचा दूरध्वनी क्रमांक बदललेला असतो.

प्रोग्रॅमच्या भाषा रचणाऱ्यांनी या प्रश्नाला जी उत्तरे दिली, ती एकमेकांशेजारी ठेवून वाचली तर त्यांत एक वाद चाललेला दिसतो. पीटर नाउर यांनी संपादित केलेल्या १९६०च्या अल्गॉल अहवालाने आरंभ आणि अंत या दोन शब्दांमध्ये एक खंड कल्पिला आणि त्या खंडात घोषित केलेले नाव त्या खंडापुरतेच, असा नियम केला. लूपच्या मोजणीच्या चलाविषयी मात्र तो अहवाल निराळेच सांगतो: सगळी आवर्तने पुरी होऊन लूप संपली, तर त्या चलाची किंमत अनिश्चित समजावी. म्हणजे सुपारी पाटावर राहील, पण तिच्याकडे पाहू नये. पास्कलनेही हीच वाट धरली. त्यानंतरच्या एडा या भाषेने, जिचे प्रमाणीकरण १९८३ साली झाले, आणखी कडक व्यवस्था केली. तिच्यात मोजणीचे नाव लूप सुरू होताना आपोआप जन्मते, आत असताना कोणालाही त्याची किंमत बदलता येत नाही आणि लूपबरोबर ते नाहीसे होते.

सी भाषेचा स्वभाव वेगळा. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकातील सीमध्ये चलाची घोषणा खंडाच्या आरंभी करावी लागे आणि लूप संपल्यावर चलातली शेवटची किंमत तशीच राही. लेखकाला वाटले तर त्याने ती वापरावी. लूपच्या कंसातच चलाची घोषणा करण्याची सोय सीच्या प्रमाणात १९९९ साली आली. सी प्लस प्लसमध्ये ही सोय आधीपासून होती, पण सुरुवातीच्या काळात असे घोषित केलेले नाव लूपच्या बाहेर, भोवतालच्या खंडाच्या अंतापर्यंत जगत असे. १९९८च्या प्रमाणाने ते लूपपुरते केले. मायक्रोसॉफ्टचा त्याच वर्षीचा व्हिज्युअल सी प्लस प्लस ६ मात्र जुनाच नियम पाळत राहिला. त्यामुळे काही वर्षे अशी गेली की एकाच प्रोग्रॅममधल्या त्याच ओळी एका कंपायलरला शुद्ध वाटत आणि दुसऱ्याला अशुद्ध. पुढे २००५च्या आवृत्तीत नवा नियम तिथेही मूळ धरून बसला. पायथनमध्ये साध्या लूपमधले नाव आजही लूपनंतर जिवंत राहते. मात्र यादी रचण्याच्या आटोपशीर वाक्यातून बाहेर सांडणारे नाव २००८च्या तिसऱ्या आवृत्तीने आतच अडवले. वाहण्याची दिशा एकच दिसते: नावाची हद्द आखडत जाते.

ती का आखडावी, हे आम्हांला नियमांच्या पुस्तकांतून कळले त्याहून अधिक एका कामावरून कळले. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचा जुना प्रोग्रॅम दुरुस्त करण्याचे काम आमच्याकडे आले होते. तक्रार विलक्षण होती. ठेवीची मुदत संपत आल्याचे कळवणारी पत्रे सभासदांना मिळत नव्हती. ती सगळी एकाच घरी जात होती. एक निवृत्त गृहस्थ एके दिवशी पिशवीत साठेक पाकिटे घेऊन संस्थेच्या कार्यालयात आले आणि म्हणाले, ‘एवढ्या ठेवी माझ्या असत्या तर मी बसने आलो नसतो.’

प्रोग्रॅम सीमधला होता. पत्र तयार करणारे फंक्शन सहाशे ओळींचे होते आणि त्याच्या माथ्यावर ‘आय’ एकदाच घोषित केलेला होता. पहिल्या लूपमध्ये ठेवीच्या क्रमांकावरून सभासद शोधला जाई आणि तो सापडताच लूप थांबे. त्या वेळी ‘आय’मध्ये त्या सभासदाचा नोंदवहीतला क्रमांक असे. जवळजवळ दोनशे ओळींनंतर पत्त्याची ओळ होती: क्रमांक ‘आय’च्या सभासदाचा पत्ता छाप. पहिल्या लेखकाने हे लिहिले तेव्हा मधल्या ओळींत ‘आय’ला कोणी हात लावत नव्हते आणि पत्रे बिनचूक जात होती. पुढे व्याजाच्या आकारणीत बदल झाला. दुसऱ्या कोणी मधल्या जागेत चार तिमाह्यांचे व्याज काढणारी एक लहानशी लूप घातली. मोजायला चल हवा होता, माथ्यावर ‘आय’ होता, तो त्याने घेतला. सीमध्ये मोजणी शून्यापासून होते, म्हणून चार आवर्तने पुरी झाली की ‘आय’ची किंमत चार असते आणि शून्यापासून मोजल्यास चौथा म्हणजे नोंदवहीतला पाचवा सभासद. पिशवी घेऊन आलेले गृहस्थ हे पाचवे सभासद होते.

या घटनेतला हसण्याचा भाग लवकर संपतो. ज्यांना पत्रे मिळाली नाहीत त्यांत मुदतीचा कागद नीट वाचता न येणाऱ्या, पत्रावरच विसंबलेल्या काही वृद्ध स्त्रिया होत्या. त्यांच्या ठेवी मुदत उलटून पडून राहिल्या होत्या आणि त्यांच्यावर कमी दराने व्याज लागत होते. शिवाय साठ माणसांच्या बचतीचा आकडा एका परक्या माणसाच्या हाती पडला होता. तो सज्जन निघाला, एवढेच. संस्थेत मग चूक कोणाची याचा शोध सुरू झाला, आणि आम्हांला तो प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचताना असे दिसत गेले की त्यातले एकही वाक्य चुकलेले नाही. शोधणारी लूप बरोबर होती. व्याजाची लूप बरोबर होती. पत्त्याची ओळ, ती लिहिली त्या दिवशी, बरोबर होती. दोष त्या वाक्यांच्या मधल्या दोनशे ओळींत होता, जिथे एक नाव विनाकारण जिवंत राहिले होते. कंपायलरने तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने ‘आय’ हा शेवटपर्यंत एक पूर्णांकच होता.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येत होती. व्याजाच्या लूपमधला ‘आय’ बदलून ‘जे’ केला असता तर पत्रे त्याच दिवशी सुरळीत झाली असती. त्याने पुढच्या माणसासाठी तोच सापळा तसाच राहिला असता. आम्ही फंक्शनचे पाच तुकडे केले. शोधणाऱ्या तुकड्याचे उत्तर ‘सापडलेला सभासद’ अशा अर्थाच्या नावात ठेवले, आणि प्रत्येक लूपचा मोजणीचा चल त्या त्या लूपच्या खंडात कोंडला. जुन्या सीमध्येही हे करता येते. महिरपी कंसाचा नवा खंड उघडावा आणि त्याच्या आरंभी घोषणा करावी. त्यानंतर कोणी व्याजाच्या लूपबाहेर ‘आय’चे नाव घेतले असते, तर कंपायलरनेच विचारले असते: कोण तो? निबंधावर लाल खूण करणारा शिक्षक आम्हांला अशा रीतीने यंत्रातच बसवता आला.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते पोकळ नाहीत. जुन्या पिढीतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणत की सगळी नावे माथ्यावर लिहिणे हे नाटकाच्या आरंभी पात्रपरिचय छापण्यासारखे आहे. वाचणाऱ्याला कोण कोण येणार ते आधी कळते. फंक्शन एका पानाचे असेल तर हे म्हणणे मान्य करावे. परंतु पात्रपरिचयात आपण ‘पहिला शिपाई’ आणि ‘दुसरा शिपाई’ लिहितो, ते नावाला महत्त्व असते म्हणून नव्हे. आणि तिसऱ्या प्रवेशातला पहिला शिपाई पाचव्या अंकात राजाचे पत्र घेऊन आला, तर तो तोच का, हा प्रश्न प्रेक्षकाला पडतोच. दुसरा आक्षेप असा की लूपनंतर उरलेली किंमत खरोखर उपयोगी असते. शोध कुठे थांबला हे तीच सांगते. हे खरे आहे. मग ती किंमत आता मोजणी राहिलेली नाही, ते उत्तर झाले आहे. उत्तराला उत्तराचे नाव द्यावे आणि त्याला मोठ्या खंडात जागा द्यावी. सुपारी डब्यात टाकावी आणि ‘एकवीस झाली’ हे वहीत लिहावे.

नाव किती लांब असावे, याचाही निर्णय इथूनच होतो. रॉब पाइक यांनी सीतील लेखनावरच्या आपल्या १९८९च्या टिपणांत लूपच्या क्रमांकासाठी लांबलचक नावापेक्षा ‘आय’च पसंत केला आहे, आणि दूरवर वापरल्या जाणाऱ्या नावाकडून मात्र अधिक माहितीची अपेक्षा ठेवली आहे. आपण बोलताना हेच करतो. समोरासमोर बसलेल्या दोघांत ‘तो’ पुरतो. गावाला पत्र लिहिताना ‘आपल्या वाड्यातल्या पाटलांचा धाकटा’ असे म्हणावे लागते. सर्वनाम आखूड असते कारण त्याची हद्द आखूड असते. आखूड नाव आणि लांब हद्द एकत्र आली की वाचणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर कर बसतो. विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी १९७३ साली सगळीकडे पोहोचणाऱ्या चलांविरुद्ध एक लेख लिहिला, त्याच्या मुळाशी हीच चिंता आहे. डाइक्स्ट्रा यांनी १९६८ साली ‘गो टू’ या आज्ञेविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा प्रश्न असा होता की वाचणाऱ्याला प्रोग्रॅमचा प्रवाह डोळ्यांनी धरता येतो का. इथे प्रश्न असा आहे की त्याला नावे मनात धरून ठेवावी लागतात का, आणि किती.

हद्दीचा विचार एवढ्यावर संपता तर बरे झाले असते. लूपमधले नाव लूपपुरतेच ठेवले, तरी एक सूक्ष्म प्रश्न उरतो: प्रत्येक आवर्तनात ‘जो’ नवा जन्मतो, की एकच ‘जो’ पाटी पुसून पुन्हा लिहिला जातो? गावजेवणाच्या वेळी एका फळ्यावर एकेका पाहुण्याचे नाव लिहून दर वेळी एका स्वयंसेवकाला सांगावे, ‘फळ्यावर ज्याचे नाव आहे त्याला वाढ.’ स्वयंसेवकाने तिथल्या तिथे नाव वाचले तर काही बिघडत नाही. पण सगळे स्वयंसेवक आधी पाणी आणायला गेले आणि परत येऊन फळा पाहू लागले, तर प्रत्येकाला शेवटचेच नाव दिसेल. एका पाहुण्याच्या पानात वीस वेळा वाढले जाईल आणि बाकीचे हात धुऊन उठतील. लूपच्या आत ‘हे काम नंतर कर’ असे सांगितले, किंवा किमतीऐवजी त्या जागेचा पत्ताच हाती दिला, की नेमके असे होते.

हा दृष्टान्त अतिशयोक्त वाटू नये. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था संकेतस्थळांना सुरक्षिततेची प्रमाणपत्रे विनामूल्य देते. २९ फेब्रुवारी २०२० रोजी तिने जाहीर केले की तिच्या प्रोग्रॅममधल्या एका दोषामुळे, एका प्रमाणपत्रात अनेक नावे असली आणि त्यांची फेरतपासणी करायची वेळ आली, तर प्रत्येक नाव एकदा तपासण्याऐवजी एकच नाव तेवढ्या वेळा तपासले जात होते. प्रोग्रॅम गो भाषेत लिहिलेला होता, आणि लूपच्या त्या एकाच पुसल्या-लिहिल्या जाणाऱ्या चलाचा पत्ता पुढे दिला गेला होता. सुमारे ३० लाख प्रमाणपत्रे या दोषाच्या कक्षेत आली; त्यांपैकी १७ लाखांहून अधिक ठरलेल्या मुदतीत रद्द करण्यात आली. हा प्रकार त्या भाषेच्या वापरकर्त्यांना इतका छळत आला होता की फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या गोच्या १.२२ या आवृत्तीने लूपचा अर्थच बदलला आणि प्रत्येक आवर्तनाला नवा चल दिला. सी शार्पने आपल्या एका प्रकारच्या लूपसाठी हाच बदल २०१२ साली केला होता. जावास्क्रिप्टने २०१५मध्ये नवी घोषणा आणून तोच मार्ग खुला केला. चालू भाषेत वाक्यरचनेचा अर्थ बदलणे ही सहजासहजी होणारी गोष्ट नव्हे. कोट्यवधी ओळी आधीच्या अर्थाने लिहिलेल्या असतात. तरीही तो बदल केला गेला, कारण लिहिणारे ‘प्रत्येक’ असे म्हणत होते आणि भाषा ‘शेवटचा’ असे ऐकत होती.

साहित्याच्या शिक्षकांना आम्ही हे का सांगतो? प्रोग्रॅमला दोन वाचक असतात. एक यंत्र, जे काहीही विसरत नाही. आणि दुसरा माणूस, जो विसरतो. व्याप्ती आखडण्याचा आग्रह यंत्राला सोपे जावे म्हणून धरलेला नसतो. सहाशे ओळींवर पसरलेला ‘आय’ यंत्राला मुळीच जड नव्हता. तो माणसाला जड होता, आणि त्या जडपणाची किंमत प्रोग्रॅम कधीही न वाचणाऱ्या ठेवीदारांनी मोजली. शैलीचा संबंध वाचणाऱ्याच्या मर्यादित स्मरणाशी आहे, हे एकदा मान्य केले की तिच्याविषयी ठामपणे बोलता येते. तेव्हा ‘मला आवडते’ यापलीकडे जाऊन हे नाव इथे का जिवंत आहे आणि वाचणाऱ्याने ते कुठवर लक्षात ठेवायचे, असे विचारता येते. निबंधातल्या सर्वनामाविषयी शिक्षक हेच विचारतो. तो व्याकरणाचा प्रश्न आहे की सौजन्याचा, हे आम्हांला आजवर वेगळे करता आलेले नाही.

आमच्याकडे नव्याने काम शिकायला येणाऱ्या मुलांना आम्ही नियमांची यादी देत नाही. त्यांनी लिहिलेली लूप त्यांनाच मराठीत मोठ्याने वाचायला सांगतो: ‘जो जो सभासद नोंदवहीत आहे, त्याची त्याची मुदत पाहा.’ वाक्य असे नीट म्हणता आले तर लूप बहुधा नीट असते. मग त्यांना पुढच्या ओळी तशाच वाचायला सांगतो. वाचता वाचता एखाद्या ओळीत ‘त्याचा पत्ता छाप’ असे येते आणि शेजारी बसलेला, प्रोग्रॅमचे ओ की ठो न कळणारा कोणीही विचारतो, ‘कोणाचा?’ मूल वर, मागे, चाळीस ओळी उलटी शोधत जाते. तो शोध लांबला की पुढे आम्हांला काही सांगावे लागत नाही.